उत्तर बरोबर आलं, तरी नापास कसं?

मागच्या महिन्यात भाचीचा एका मोठ्या टेक कंपनीत इंटरव्ह्यू झाला, एकूण पाच राउंड, आणि आठवड्यानं फोन आला की नाही म्हणून. तिच्यापेक्षा जास्त धक्का दाजींना बसला. दाजींचं कोल्हापुरात उद्यमनगरात छोटं मशीन शॉप आहे, तीन लेथ आणि एक जुनी मिलिंग, आणि माणूस घ्यायचा त्यांचा हिशोब सरळ आहे. टर्नर ठेवायचा असला की मशीनवर जॉब लावून देतात, हातात ड्रॉइंग देतात, तासाभरानं व्हर्नियर लावतात, माप बसलं तर उद्यापासून ये. त्यामुळं रविवारी मी घरी गेलो तर चहा यायच्या आधीच प्रश्न, "पाव्हणं, पोरीला चार गणितं आली, एकच अडलं. मग नापास कशी? वशिला लागतोय काय तिथं?"

मी पुण्यात ह्याच लाइनीत आहे, आधी दोनदा स्वतः नापास झालोय आणि आता काही वर्षं समोरच्या खुर्चीत बसून दुसऱ्यांचे इंटरव्ह्यू घेतोय, तर दाजींना जे सांगितलं तेच इथं लिहितोय, कारण हा प्रश्न फक्त त्यांचाच नाही, आपल्याकडच्या प्रत्येक इंजिनियरिंगच्या पोराच्या घरात कधी ना कधी येतोच.

आधी वशिल्याचं. रेफरल नावाची गोष्ट असते, म्हणजे कंपनीतल्या कुणीतरी तुमचा रेझ्युमे आत पाठवायचा. आपल्याकडं लोकांना वाटतं झालं काम, आपला माणूस आत आहे. तसं काही नसतं. मोठ्या कंपनीच्या एकेका जागेला हजारांनी अर्ज येतात, त्यात तुमचा कागद कुणीतरी खरंच उघडून बघावा एवढंच रेफरल करतंय, पुढं राउंडमध्ये त्याचा काडीचा उपयोग नाही. मी ज्याला रेफर केलं त्याचा इंटरव्ह्यू मला घेऊ देत नाहीत.

कागद उघडला गेला की रिक्रूटरचा फोन येतो. रिक्रूटर म्हणजे एचआरमधला माणूस, तो कोडिंग विचारत नाही, अनुभव किती, कुठल्या गावी जायची तयारी आहे, असलंच विचारतो. पण ह्याच माणसाला उलट विचारायचं असतं की पुढं किती राउंड आहेत, कशावर आहेत, कुठली भाषा चालते, आणि तो सगळं सांगतो, कारण तुम्ही पास झाला तर त्याचंही काम होतंय. आपली पोरं इथं "येस सर, ओके सर" करून फोन ठेवतात. मग बहुतेक ठिकाणी ऑनलाइन टेस्ट, तास-दीड तासात दोनएक प्रश्न, ती मशीनच तपासतंय, तुम्हाला न दिसणारे इनपुट टाकून बघतंय. मग एक फोन राउंड, नावालाच फोन, असतो व्हिडिओवर. आणि मग मुख्य कुस्ती, चार-पाच राउंड, प्रत्येक ४५ मिनिटं ते तासभर, कधी एकाच दिवशी कधी दोन दिवसांत. कोविडच्या आधी ह्यासाठी बंगळूर-हैदराबादला बोलवायचे, पांढऱ्या बोर्डवर मार्करनं कोड लिहायला लावायचे, २०२० नंतर बहुतेक घरातनंच होतंय.

आता ह्यातला जो भाग बाहेरच्या माणसाला माहीतच नसतो तो सांगतो, आणि माझ्या मते सगळी मेख इथंच आहे. दाजींच्या शॉपमध्ये माप घेणारा आणि नोकरी देणारा एकच माणूस. इथं तसं नाही. समोर बसलेला जो प्रश्न विचारतो तो एकटा काही ठरवत नाही, तो राउंड झाल्यावर एक लांबलचक रिपोर्ट लिहितो आणि खाली आपलं मत देतो, घ्या, घ्यायला हरकत नाही, नको, अजिबात नको, असं. गूगलमध्ये हे सगळे रिपोर्ट हायरिंग कमिटीकडं जातात, आणि त्या कमिटीतल्या लोकांनी उमेदवाराला कधी बघितलेलंच नसतं. अमेझॉनमध्ये बार रेझर, म्हणजे दर्जाची पट्टी वर ठेवणारा, म्हणून एक माणूस असतो, तो मुद्दाम दुसऱ्या टीमचा असतो, म्हणजे ज्या मॅनेजरला माणसाची घाई झालीय त्याच्या दबावाखाली तो येत नाही, आणि तो नाही म्हणाला तर नाही. प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी, पण धागा एकच, तुमचा निकाल कागदावर लागतो आणि कागद दुसऱ्यानं लिहिलेला असतो.

म्हणजे काय झालं, तुमच्या डोक्यात काय चाललं होतं त्याला किंमत शून्य. जे तुम्ही तोंडानं बोलला आणि समोरच्यानं टाइप केलं तेवढंच पुढं गेलं. आपण लहानपणापासून उलटं शिकलोय, पेपरला गप बसायचं, मान खाली, इकडंतिकडं बघायचं नाही, उत्तरपत्रिका भरायची. त्याच सवयीनं पोरं इंटरव्ह्यूला बसतात, दहा मिनिटं गप, मग एकदम खाडखाड कोड. कोड बरोबर असतो ओ, पण रिपोर्टात लिहायला समोरच्याकडं काही नसतं.

दाजी म्हणाले, "ते असू दे, पण शंका असली तर घेऊन बघावं की. काम केल्यावर कळेलच."

हे मी त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितलं. गो-नोगो गेज, म्हणजे माप बसतंय की नाही एवढंच सांगणारं, लावताना एखादा पीस काठावरचा निघाला, बसतोय पण जरा घासतोय, तर तुम्ही काय करता? बाजूला काढता. चांगला असला तरी एक पीस गेला, फार तर शंभर-दोनशे रुपये. पण खराब पीस पार्टीकडं गेला तर अख्खा लॉट परत येतो. मोठ्या कंपन्या माणसं घेताना हाच हिशोब लावतात. चांगला माणूस चुकून परत पाठवला तर त्यांचं लगेच काही बिघडत नाही, दारात अजून हजार उभे आहेत. चुकीचा घेतला तर त्याला शिकवण्यात सहा महिने, त्याचं बिघडलेलं निस्तरण्यात सहा महिने, आणि काढताना तमाशा वेगळाच. म्हणून काठावरचे सगळे बाहेर. ह्यात चांगली माणसंही बाहेर जातात हे त्यांना चांगलं माहीत असतं.

ह्याचं गाजलेलं उदाहरण आहे. मॅक्स हॉवेल म्हणून एक प्रोग्रामर, त्यानं होमब्रू नावाचं सॉफ्टवेअर बनवलं, मॅकवर काम करणारे जगभरातले इंजिनियर ते रोज वापरतात. २०१५ मध्ये त्यानं ट्विट टाकलं की गूगलनं मला नाकारलं, तुमचेच इंजिनियर माझं सॉफ्टवेअर वापरतात पण मला बोर्डवर बायनरी ट्री (एकाला फार तर दोन फांद्या फुटतात अशी माहितीची मांडणी) उलटं करता आलं नाही म्हणून बाहेर. त्यावर इंटरनेटवर केवढा दंगा झाला. माझं विचाराल तर दोन्हीकडं तथ्य आहे, ट्री उलटं करता येणं आणि चांगलं सॉफ्टवेअर बनवता येणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण ४५ मिनिटांत दुसरी गोष्ट मोजायची कशी ते अजून कुणाला नीटसं जमलेलं नाही.

मॅनहोलचं झाकण गोल का असतं असले प्रश्न विचारतात असं दाजींनी कुठंतरी ऐकलेलं. पूर्वी विचारायचे, मायक्रोसॉफ्टचं नाव तर त्यासाठीच घ्यायचे लोक. पण गूगलचे तेव्हाचे एचआरचे प्रमुख लाझ्लो बॉक यांनी २०१३ मध्येच न्यूयॉर्क टाइम्सला सांगितलेलं की असल्या कोड्यांचा काही उपयोग नाही, त्यानं विचारणाऱ्याला आपण शहाणे असल्यासारखं वाटतं एवढंच. आता कुणी विचारलंच तर समजायचं की तिथं पद्धत जुनी आहे.

मग विचारतात काय? एक खरा प्रश्न घेऊ, तुम्हाला कोडिंग येत नसलं तरी चालतंय.

समजा शाहू मार्केट यार्डात गुळाचे एक लाख रवे आहेत, हातानं केलेले त्यामुळं प्रत्येकाचं वजन वेगळं, आणि सगळी वजनं एका वहीत लिहिलेली आहेत. एका व्यापाऱ्याला असे दोन रवे पाहिजेत की दोघांचं मिळून वजन बरोबर ५० किलो भरलं पाहिजे. शोधून द्या.

सगळ्यात सरळ रस्ता, पहिला रवा घ्या, बाकीच्या प्रत्येकाबरोबर बेरीज करून बघा, नाही जमलं तर दुसरा घ्या, पुन्हा सगळ्यांबरोबर. उत्तर येणार. पण किती जोड्या होतात बघा, एक लाखाच्या साधारण ५०० कोटी. कॉम्प्युटर सेकंदाला दहाएक कोटी साध्या क्रिया करतो असं इंटरव्ह्यूत ढोबळ धरतात, तर ५० सेकंद लागले. रवे दुप्पट झाले की वेळ दुप्पट नाही, चौपट होतो. ही जी वाढीची चाल आहे ना, ती सांगायच्या पद्धतीलाच बिग ओ म्हणतात, लोक उगीच घाबरतात त्याला. माल वाढला की काम कुठल्या चालीनं वाढतंय एवढंच ते सांगतंय.

आता दुसरा रस्ता. अंबाबाईच्या देवळाबाहेर चप्पल ठेवायचा एक स्टँड मनात आणा, पण ह्या स्टँडवाल्याची युक्ती जरा वेगळी आहे. त्याच्याकडं शंभर खण आहेत, ०० ते ९९, आणि तो टोकन देत नाही. तो तुमच्या मोबाईलचे शेवटचे दोन आकडे विचारतो आणि त्या नंबरच्या खणात चप्पल टाकतो. परत आल्यावर पुन्हा दोन आकडे विचारतो आणि सरळ त्या खणात हात घालतो. शंभर जोड असू देत नाहीतर दहा, शोधायचा प्रश्नच नाही. ह्याला हॅश मॅप म्हणतात, आणि कोडिंगच्या प्रश्नांत ह्याच्याइतकं कामाला येणारं दुसरं हत्यार नाही.

रव्यांना हे कसं लावायचं? वही एकदाच वरनं खाली वाचत जायची. १८ किलोचा रवा आला, मला जोडीला ३२ चा पाहिजे, तर ३२ च्या खणात हात घालून बघायचं की तसला रवा मागं येऊन गेलाय का. असला तर झालं काम. नसला तर १८ ला त्याच्या खणात ठेवायचं आणि पुढं जायचं. एक लाख रवे, एक लाख वेळा हात घालणं, डोळ्याची पापणी लवायच्या आत उत्तर. बदल्यात काय मोजलं, तर खणांना लागणारी जागा. हे शेवटचं वाक्य पण बोलून दाखवायचं असतं, वेळ वाचवली आणि मेमरी खर्च केली, हा सौदा मी का केला.

आणि अजून एक, हे सगळं सुरू करायच्या आधी प्रश्न विचारायचे. वजनं पूर्ण किलोतच आहेत का? २५ किलोचा एकच रवा दोनदा धरला तर चालेल का? जोडी नसलीच तर काय सांगायचं? एकापेक्षा जास्त जोड्या असल्या तर? वही आधीच वजनाच्या क्रमानं लावलेली आहे का, कारण तशी असली तर खणांची पण गरज नाही, एक बोट सगळ्यात हलक्यावर, एक बोट सगळ्यात जडवर, बेरीज कमी आली की हलक्यावरचं बोट पुढं, जास्त आली की जडवरचं बोट मागं. प्रश्न मुद्दाम अर्धवट दिलेला असतो. तुम्ही विचारता का ते बघत असतात. दाजींना हे लगेच पटलं, म्हणाले ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ते, लिहिलेला नसताना जो टर्नर न विचारता मशीन चालू करतोय त्याला मी ठेवणारच नाही.

तर आता भाचीकडं येऊ. तिनं मला पाचही राउंड सांगितले, कुठं काय झालं, मिनिटामिनिटाचं. (आपल्याकडच्या पोरी पोरांसारखं बोलतात तसं, "मामा, मी तर चार मिनिटात सोडवलो की," पुण्यात गेल्यावर ह्यावरनं तिला मैत्रिणी चिडवतात, पण ती काय बदलत नाही आणि बदलू पण नये.) तिचा दुसरा राउंड, जो सगळ्यात भारी गेला असं तिला वाटतंय, त्यात आलेला प्रश्न तिनं आधी प्रॅक्टिस करताना सोडवलेला होता. प्रश्न वाचला, एक अक्षर न बोलता कोड लिहिला, चार मिनिटं. समोरच्यानं विचारलं, हे असं का केलं? ती म्हणाली, ऑप्टिमल आहे. मग त्यानं अट जरा बदलली, समजा सगळा डेटा मेमरीत मावत नाही. आणि ती अडकली, कारण पाठ केलेल्याची अट बदलली की पाठांतर संपलं. अर्धा तास उरलेला होता आणि त्यातला बराच शांततेत गेला.

चौथा राउंड, जो तिला आला नाही, त्यात तिनं आधी साधा रस्ता सांगितला, तो का हळू आहे ते सांगितलं, दुसरा धरला, मध्येच स्वतःच म्हणाली इथं चुकतंय, समोरच्यानं एक हिंट दिली ती घेतली, तिच्यावरनं पुढं गेली, आणि वेळ संपला तेव्हा कोड अर्धा होता. मी तिथं बसलो असतो तर चौथ्याला "घ्या" लिहिलं असतं आणि दुसऱ्याला "नको". आणि खरंच रिक्रूटरनं फोनवर एवढंच सांगितलं, लेखी काही नाही, की प्रॉब्लेम सॉल्व्हिंगचे सिग्नल मिक्स्ड होते. ह्यापेक्षा जास्त कुणी सांगत पण नाही.

हिंटबद्दल एक सांगतो कारण इथं लई जण मार खातात. हिंट म्हणजे परीक्षेत कॉपी नव्हे. समोरचा म्हणाला "इथं अजून एकदा बघूया का" तर त्याचा अर्थ तिथं चूक आहे, थांबा आणि बघा. अनेक पोरं मान हलवतात आणि आपलंच रेटत राहतात, अपमान झाल्यासारखं. मी पहिल्यांदा नापास झालो तो असाच, समोरच्यानं तीनदा सुचवलं आणि मी तीनदा "नो नो, इट्स करेक्ट" म्हणालो. उद्या ऑफिसात सोबत काम करायचंय ह्या माणसाबरोबर, तो हेच बघत असतो की ह्याला काही सांगितलं तर ऐकतोय का.

आणि समोरचा सारखा टाइप करत असतो, तुमच्याकडं बघतच नाही, त्याला घाबरू नका. तो तुमचंच बोलणं उतरवून घेत असतो. मी तर उमेदवाराला आधीच सांगून टाकतो, नाहीतर त्यांना वाटतं हा ईमेल करत बसलाय.

एक राउंड बोलण्याचा असतो, बिहेवियरल म्हणतात, ह्याला आपली पोरं हलक्यात घेतात. कधी टीममध्ये भांडण झालं तर काय केलं, कुठलं काम फसलं, असले प्रश्न. अमेझॉन तर ह्यावर सगळ्यात जास्त भर देतंय, त्यांची लीडरशिप प्रिन्सिपल्स, म्हणजे कामात कसं वागायचं त्याची तत्त्वं, आहेत, आधी १४ होती, २०२१ मध्ये दोन वाढवून १६ केली, आणि प्रत्येक राउंडमध्ये ह्यातलं काही ना काही तपासतातच. उत्तर देताना परिस्थिती काय होती, माझ्यावर काय होतं, मी काय केलं, शेवटी काय झालं, ह्या क्रमानं सांगायचं.

इथं आपली एक खास अडचण आहे. आपण "मी केलं" म्हणतच नाही. घरात मोठ्यांसमोर मी मी केलं तर टाळक्यात बसते. भाचीचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट ऊसतोड टोळ्यांच्या वेळापत्रकाचा होता, कुठल्या फडात कधी टोळी जाणार त्याचं ॲप. तिनं इंटरव्ह्यूत सांगितलं, आम्ही ॲप बनवलं, आम्ही टेस्ट केलं, आम्हाला बक्षीस मिळालं. मी विचारलं तू काय केलीस? तर कळलं की शेतात रेंज नसते तेव्हा नोंद फोनमध्येच साठवून ठेवायची आणि रेंज आली की वर पाठवायची, दोघांनी एकाच फडाची वेगवेगळी नोंद केली असली तर कुठली खरी धरायची, हा सगळा भाग तिनं एकटीनं केलाय. आता हे म्हणजे सोन्याचं नाणं आहे, मोठ्या कंपन्यांतले लोक ह्याच प्रश्नाशी रोज झुंजतात, आणि ही बाई "आम्ही" म्हणून पुढं निघून गेली. समोरच्यानं रिपोर्टात काय लिहिलं असेल, टीमनं ॲप बनवलं, हिचा वाटा स्पष्ट नाही.

चार-पाच वर्षं अनुभव असला की सिस्टिम डिझाइनचा राउंड पण असतो, फ्रेशरला सहसा नसतो म्हणून थोडक्यात. त्यात एक बरोबर उत्तर नसतंच. नवरात्रात अंबाबाईची गर्दी कशी सांभाळाल, असा तो प्रश्न असतो म्हणा. दर्शनाच्या रांगा वाटून देणारा स्वयंसेवक म्हणजे लोड बॅलन्सर. बाहेर लावलेली स्क्रीन म्हणजे कॅश (cache, रोकड नव्हे, हाताशी ठेवलेली प्रत), आत न जाता बाहेरच काम झालं, गाभाऱ्यावरचा ताण कमी. पण स्क्रीनवरचं चित्र दोन सेकंद जुनं असलं तर चालतंय, देणगीच्या पावतीचा हिशोब दोन सेकंद जुना असला तर चालत नाही, म्हणजे कुठं जुनी माहिती चालेल आणि कुठं नाही हे आधी ठरवावं लागतं. चपला महाद्वारात, घाटी दरवाज्यात, सगळीकडं वाटून ठेवल्या तर एका स्टँडवर गर्दी होत नाही, पण महाद्वारात काढून घाटी दरवाज्यानं बाहेर पडलात तर तापल्या फरशीवरनं अनवाणी फिरून यायचं. डेटा अनेक मशीनवर वाटला की ही अनवाणी चक्कर येतेच, शार्डिंग म्हणतात त्याला. कुठली चक्कर परवडते आणि कुठली नाही ह्यावर बोलणं म्हणजे तो राउंड.

पॅकेजबद्दल दाजींनी विचारलंच, अमक्याच्या पोराला ४० लाख मिळाले म्हणे. त्यात पगार किती ते आधी विचारा. समजा ४० सांगितले तर त्यात मूळ पगार, बोनस, पहिल्या वर्षापुरता जॉइनिंग बोनस आणि कंपनीचे शेअर असं सगळं घुसवलेलं असतं, आणि शेअर बहुतेक ठिकाणी चार वर्षांत थोडेथोडे मिळतात. अमेझॉनची वाटणी तर प्रसिद्ध आहे, पहिल्या वर्षी ५ टक्के, दुसऱ्या वर्षी १५, आणि उरलेले ८० तिसऱ्या-चौथ्या वर्षांत. मध्येच सोडलं तर राहिलेले गेले. शेअरचा भाव पडला तर तेही कमी. खोटं कुणी बोलत नाही, पण बँकेत महिन्याला येणारा आकडा आणि गल्लीत फिरणारा आकडा वेगळा असतो.

एआयनं उत्तरं चोरून सांगणारी सॉफ्टवेअरं पण आली आता, आणि त्यामुळं चक्र उलटं फिरायला लागलंय, २०२५ मध्ये सुंदर पिचाईंनी सांगितलं की गूगल निदान एक राउंड समोरासमोर घेणार. म्हणजे पुन्हा बंगळूरची गाडी पकडायची तयारी ठेवा.

एकदा नाही म्हटलं म्हणून दार कायमचं बंद होत नाही, बऱ्याच ठिकाणी सहा महिने ते वर्षभर थांबून पुन्हा अर्ज करता येतो, माणसं दोन-तीनदा नापास होऊन आत गेलेली भरपूर आहेत. पण त्या सहा महिन्यांत अजून तीनशे प्रश्न गपगुमान सोडवले तर तिथंच येऊन थांबाल. रोज एकच सोडवा पण कुणालातरी मोठ्यानं समजावत सोडवा. इंग्रजीचा धसका असला तर आधी मराठीत समजावा, विचार जागेवर आला की इंग्रजी मोडकंतोडकं चालतं, आम्ही समोर बसलेले पण काही लंडनहून आलेलो नसतो.

हे सगळं सांगून झाल्यावर मी भाचीला म्हणालो, आता तू दाजींना हॅश मॅप समजाव, चपलांचंच उदाहरण घे. ती म्हणाली, "पप्पांना? त्यांना काय कळतंय." दाजी म्हणाले, "सांग की, बघू कळतंय का." मग तिनं सांगितलं, शंभर खण, मोबाईलचे शेवटचे दोन आकडे, सरळ त्या खणात हात. दाजींनी शांतपणे ऐकून घेतलं, कपातला उरलेला चहा संपवला आणि म्हणाले, "ते बरोबर हाय. पण दोघांचे शेवटचे आकडे सारखेच निघाले तर? एकाच खणात दोन जोड आले तर काय करणार?"

इंटरव्ह्यूत हॅश मॅपवर हमखास येणारा पुढचा प्रश्न हाच. भाचीनं माझ्याकडं बघितलं, मी खिडकीबाहेर बघितलं. ती दहा सेकंद गप बसली, आणि मग म्हणाली, "थांबा, मोठ्यानं विचार करतो. समजा दोन्ही जोड त्याच खणात ठेवले, तर मला फक्त त्या दोघांतच शोधायला लागेल..."